चौकाचौकांतल्या सिग्नलचा मेळ घालणारी यंत्रणा: पेटंटच्या परीक्षणात ती कशी टिकवायची

शेजारशेजारच्या चौकांतले सिग्नल एकमेकांशी बोलून हिरव्याची वेळ ठरवतात, अशा यंत्रणेसाठी भारतात अर्ज केला की पहिल्या परीक्षण अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, दोन आक्षेप जवळजवळ ठरलेले असतात. एक, हे आधीपासून माहीत आहे. दोन, हा निव्वळ अल्गोरिदम आहे, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम ३(के) खाली बाद. दोन्हींना उत्तर देता येतं, पण त्या उत्तराचा कच्चा माल अर्ज दाखल केला त्या दिवशीच स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे संशोधनाच्या लेखी वर्णनात, असावा लागतो. कलम ५९ नुसार नंतरच्या दुरुस्तीत तुम्ही क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणारी वाक्यं, आखडते घेऊ शकता, चूक सुधारू शकता, खुलासा करू शकता; नवा मजकूर घालता येत नाही. म्हणून हे मार्गदर्शन एफईआर हातात पडल्यावर नव्हे, मसुदा लिहायला घेण्याआधी वाचावं.

शोध: सूत्रं बाजूला काढा

इनपास, एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप या तिन्ही पेटंट-संग्रहांवर शोध घ्या. नुसते शब्द टाकू नका, पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे क्रमांक टाका. एकाच नियंत्रणाखालच्या अनेक चौकांसाठी जी०८जी १/०८१, लगतच्या चौकांतल्या एकाच फेजच्या (सिग्नलच्या एका पाळीच्या) सुरुवातीतलं अंतर ठरवण्यासाठी १/०८२, वाहनं मोजून सिग्नल चालवण्यासाठी १/०८, फेजमध्ये वेळ वाटण्यासाठी १/०८३, रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी १/०८७. आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा लागला तर इशारा देणारी देखरेख १/०९७ मध्ये सापडते.

पेटंटांबाहेरचं साहित्यही तितकंच महत्त्वाचं आहे. सिग्नलच्या वेळा जुळवणारं ब्रिटनमधलं सॉफ्टवेअर ट्रान्सिट १९६० च्या दशकाच्या अखेरीचं. तिथलंच स्कूट चौकापासून मागे बसवलेल्या डिटेक्टरवरून हिरव्याचा वाटा, सायकल टाइम (सिग्नलच्या पूर्ण फेरीचा वेळ) आणि ऑफसेट (लगतच्या चौकांतल्या हिरव्याच्या सुरुवातीतलं अंतर) थोडेथोडे सरकवतं. सिडनीचं स्कॅट्स १९७० च्या दशकातलं, तर 'हिरवा पट्टा' (ओळीने हिरवे मिळत न थांबता जाता येईल असा वेळ) रुंद करण्याचं गणित मांडणारं मॅक्सबँड १९८१ चं. सर्वांत अडचणीचं ठरतं ते पिट्सबर्गमधलं सरट्रॅक, २०१२ पासून रस्त्यावर असलेलं. तिथे मध्यवर्ती संगणकाविना प्रत्येक चौक स्वतःचं वेळापत्रक ठरवतो आणि पुढच्या चौकाला 'माझ्याकडून एवढी वाहनं येतील' असं कळवतो. 'शेजारचे कंट्रोलर एकमेकांना माहिती देतात' एवढंच तुमचं नावीन्य असेल तर ते इथेच संपलं. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेनेही भारतातल्या मिश्र वाहतुकीसाठी कोसिकॉस्ट ही पद्धत विकसित केली आहे. ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाठ्यपुस्तकातलं गणित कुठे संपतं आणि तुमचं काम कुठे सुरू होतं, हे आकडे मांडून तपासा. समजा, अ आणि ब चौकांत ३५० मीटर अंतर आहे आणि वाहनांचा वेग ताशी ४० किलोमीटर. प्रवासाला साधारण ३१.५ सेकंद लागतात, म्हणजे ब चा हिरवा अ नंतर ३१.५ सेकंदांनी सुरू व्हावा. पण ब वर प्रत्येक लेनमध्ये आधीच १२ गाड्या उभ्या असतील तर प्रत्येकी २ सेकंदांप्रमाणे २४ सेकंद, आणि निघतानाची दिरंगाई २ सेकंद, असे २६ सेकंद आधी रांग सुटायला हवी. ऑफसेट उरतो ५.५ सेकंद. हे सूत्र वाहतूक अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवतात. त्यावर क्लेम बांधला तर परीक्षक पुस्तकाचं पान जोडून मोकळा होईल, शिवाय 'गणिती पद्धत' म्हणून ३(के) लावेल तो वेगळाच. रांग पुढे तुंबली की मागच्या चौकाचा हिरवा कमी करणं, ज्याला गेटिंग म्हणतात, तेही जुनंच.

मग उरतं काय? बरंच. सूत्रात '१२ गाड्या' घालणं सोपं असतं. दुचाकी फटीफटीतून पुढे सरकणाऱ्या रस्त्यावर लेनमागे गाड्या मोजणंच अर्थहीन होतं. रांग मीटरमध्ये मोजावी लागते, आणि कॅमेऱ्यासमोर बस उभी राहिली की रांगेचं शेपूट दिसत नाही. संदेश उशिरा येतो. दोन कंट्रोलरची घड्याळं सरकतात: २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतका चुकणारा) क्रिस्टल असेल तर दिवसाला १.७ सेकंद. ऑफसेट बदलताना पादचाऱ्यांचा चालू असलेला वेळ कापता येत नाही. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला जवळपास १२ सेकंद लागतातच. पेटंटयोग्य काम बहुधा या अडचणींच्या आसपास सापडतं, हिरव्या पट्ट्याच्या देखण्या आलेखात नाही.

स्पेसिफिकेशन: खोक्यात काय आहे ते लिहा

'प्रोसेसर, मेमरी आणि कम्युनिकेशन मॉड्यूल' एवढ्यावर भागवलेलं स्पेसिफिकेशन या विषयात हमखास अडकतं. कंट्रोलरला कुठला सेन्सर कोणत्या तारेने किंवा रेडिओने जोडलाय, तो चौकाच्या स्टॉप लाइनपासून किती मीटरवर आहे, दिवे पेटवणाऱ्या लॅम्प ड्रायव्हरला आज्ञा कोण देतं आणि परस्परविरोधी हिरवे अडवणारा कॉन्फ्लिक्ट मॉनिटर सॉफ्टवेअरपासून वेगळा आहे का, हे आकृतीसह लिहा. आकृतीतले क्रमांक क्लेममध्येही कंसात येऊ द्या. नियमांत ते सांगितलंच आहे.

चौकाचौकांतला संदेश अक्षरशः उलगडून दाखवा. उदाहरणार्थ, ब चा कंट्रोलर दर २ सेकंदांनी रांगेची लांबी, मोजणीची वेळ आणि मोजणी कितपत भरवशाची आहे याचा निर्देशांक पाठवतो. अ चा कंट्रोलर मोजणीची वेळ आणि स्वतःचं घड्याळ यांतून संदेशाचं वय काढतो. वय ४ सेकंदांच्या आत असेल तर लांबी तशीच वापरतो. ४ ते १० मध्ये असेल तर स्वतःच्या स्टॉप लाइनवरून सुटलेल्या वाहनांच्या मोजणीने ती पुढे ढकलतो. १० च्या वर गेलं की साठवलेल्या ऑफसेटकडे वळतो. तेही एका उडीत नाही, प्रत्येक सायकलमध्ये ठरावीक मर्यादेतच, आणि पादचाऱ्यांचा चालू फेज पूर्ण झाल्यावरच.

इथले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या यंत्रणेत वेगळे असतील, पण असले पाहिजेत. एकच आकडा देऊ नका. पल्ला द्या, त्यातला पसंतीचा आकडा द्या आणि तो का निवडला हे एका वाक्यात सांगा. पुढे क्लेम आखडता घ्यायची वेळ आली की हेच पल्ले कामाला येतात. बिघाडाची बाजूही सविस्तर लिहा: नेटवर्क गेलं, वीज जाऊन आली, कॅमेरा धुळीने आंधळा झाला, तर प्रत्येक वेळी यंत्रणा कशावर उतरते? मसुदा लिहिणाऱ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि ते गाळतात. परीक्षणात तांत्रिक परिणाम दाखवायची वेळ येते तेव्हा सगळ्यात भक्कम आधार नेमका तोच असतो.

चाचणीचे निकाल असतील तर तेही दाखल करतानाच जोडा. सुमो किंवा व्हिसिमवरचं सिम्युलेशन चालतं. तुलना मात्र केवळ ठरावीक वेळेच्या सिग्नलशी करू नका. सर्वांत जवळच्या प्रायर आर्टशी, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या तंत्राशी, करा, आणि यादृच्छिक बीज बदलून अनेक वेळा चालवा. सरासरी विलंब, थांबे, मागच्या चौकापर्यंत रांग किती वेळा पोचली, आणि संदेश गळाल्यावर ऑफसेट किती वेळा विनाकारण बदलला, हे चारही मोजा. चौथा आकडा वाहतूक विभागाला आवडो न आवडो, पेटंटसाठी तोच मोलाचा.

क्लेम

मुख्य क्लेम यंत्रणेचा ठेवा, दुसरा पद्धतीचा. 'संगणकाने वाचता येणारं माध्यम' असा क्लेम भारतात बहुतेकदा उडतो. परदेशी अर्जावरून उचललेल्या मसुद्यात तो असेल तर आधीच काढा. 'अमुक करण्याचं साधन' अशी भाषा वापरलीत आणि स्पेसिफिकेशनमध्ये त्या साधनाचं प्रत्यक्ष यंत्र दाखवलं नाहीत, तर तो क्लेम संगणक प्रोग्रामच समजला जातो.

'रांगेवरून हिरव्याची वेळ ठरवणे' असा क्लेम म्हणजे चौकातला हवालदार डोक्यात जे करतो तेच. त्यावर निव्वळ बौद्धिक कृतीच्या पद्धती वगळणारं ३(एम) देखील लागू शकतं. तोच मुद्दा असा लिहून पाहा: 'पहिल्या चौकाचा कंट्रोलर (१०), ज्याला दुसऱ्या चौकाच्या कंट्रोलरकडून (२०) रांगेची लांबी व मोजणीची वेळ असलेला संदेश मिळतो, त्यात विशेष असे की कंट्रोलर (१०) संदेशाच्या वयानुसार ती लांबी स्टॉप लाइनवरील सेन्सरच्या (१२) मोजणीने सुधारतो, आणि वय ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास लॅम्प ड्रायव्हरला (१४) दिलेला ऑफसेट पादचारी फेज संपल्यानंतरच टप्प्याटप्प्याने साठवलेल्या ऑफसेटकडे नेतो.' हे नवीन ठरेल की नाही ते शोधावर अवलंबून आहे, पण निदान वाद यंत्राबद्दल होईल.

रुग्णवाहिकेला प्राधान्य, ई-चलनाचा कॅमेरा आणि चौकांचा समन्वय हे सगळं एका अर्जात कोंबू नका. एकच आविष्कारक संकल्पना नसल्याचा आक्षेप येतो आणि कलम १६ खाली विभागणी अर्ज करावा लागतो. दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला जादा शुल्क आहे, हेही लक्षात ठेवा.

रस्त्यावर चाचणी, सादरीकरण, निविदा

सिग्नलची चाचणी बंद खोलीत करता येत नाही. कायद्याला हे ठाऊक आहे: कलम ३२ नुसार प्राधान्य तारखेआधीच्या (म्हणजे पहिला अर्ज दाखल केला त्या तारखेआधीच्या) एका वर्षात अर्जदाराने किंवा त्याच्या संमतीने केवळ वाजवी चाचणीसाठी, आणि ती उघड्यावर करणं गरजेचंच होतं म्हणून, वापर केला असेल तर नावीन्य जात नाही. सरकारला माहिती दिल्यानेही, कलम ३० मुळे, नावीन्य जात नाही. पण या कवचांवर विसंबून राहणं शहाणपणाचं नाही. महापालिकेच्या सादरीकरणाची पीडीएफ संकेतस्थळावर चढली, निविदेच्या तांत्रिक जोडपत्रात तुमचा संदेशाचा आराखडा छापून आला, किंवा चाचणीचं रूपांतर पैसे घेऊन दिलेल्या सेवेत झालं, की कवच फाटतं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, स्पेसिफिकेशन दाखल करा, मग चौकात खांब उभा करा. त्यानंतर पूर्ण स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात.

तारखा आणि पैसे

परीक्षण आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी प्राधान्य तारखेपासून ३१ महिने आहेत, त्याआधीच्या अर्जांना ४८. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन शुल्क ४,००० रुपये, इतरांना २०,०००. स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार यांसारख्यांना फॉर्म १८ए ने जलद परीक्षण मागता येतं. सवलतीच्या गटाला ८,००० रुपये. अर्ज प्रसिद्ध झालेला नसेल तर सोबत लवकर प्रसिद्धी मागणारा फॉर्म ९ हवाच. पुण्यात बसून परदेशी कंपनीसाठी काम करणाऱ्यांनी कलम ३९ पाहावं: भारतात राहणाऱ्या संशोधकाचा अर्ज आधी परदेशात करायचा तर फॉर्म २५ ने परवानगी लागते.

एफईआर आल्यावर

उत्तराला अहवाल जारी झाल्यापासून सहा महिने मिळतात. ते संपण्याआधी फॉर्म ४ भरला तर आणखी तीन. चुकलं तर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. अहवाल ईमेलने येतो, म्हणून स्पॅमही चाळत राहा. परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ मात्र तीन महिन्यांतच अद्ययावत करायचा असतो. सहाच्या हिशेबात राहून हा हमखास चुकतो.

आधी डी१, म्हणजे परीक्षकाने पुढे केलेला पहिला जुना दस्तऐवज, पूर्ण वाचा, परीक्षकाने दिलेल्या परिच्छेदांपुरता नव्हे. क्लेमचे घटक एका रकान्यात, डी१ मध्ये काय आहे ते दुसऱ्यात, असा तक्ता करा. जे तिथे आहे ते मान्य करा. नाही त्यावरच बोला. डी१ आणि डी२ जोडून आविष्कारक टप्पा (जाणकारालाही सहज न सुचणारी भर) नाकारला असेल तर ते दोन्ही का जुळत नाहीत हे यंत्राच्या भाषेत सांगा. उदाहरणार्थ, डी१ मध्ये मध्यवर्ती संगणक सगळ्यांना एकच घड्याळ देतो, मग तिथे संदेशाच्या वयाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि डी२ चा उपाय तिथे लावायचं कारणही उरत नाही.

३(के) च्या उत्तरात दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१९ चा फरीद अल्लानी निकाल सगळेच जोडतात: बंदी निव्वळ संगणक प्रोग्रामवर आहे, प्रोग्रामवर आधारलेल्या प्रत्येक संशोधनावर नाही, आणि तांत्रिक परिणाम पाहायचा. निकाल जोडावाच, पण कलमाची रचना विसरू नका. 'निव्वळ' ही सूट संगणक प्रोग्रामपुढे आहे. अल्गोरिदम आणि गणिती पद्धत यांच्यापुढे नाही. म्हणून 'विलंब १५ टक्क्यांनी घटतो' एवढ्याने भागत नाही. नेटवर्क तुटलं तरी लॅम्प ड्रायव्हरला सुसंगत आज्ञा कशी जाते, कंट्रोलरच्या वागण्यात काय बदलतं, हे स्पेसिफिकेशनच्या पान-ओळीसह दाखवा. कॅमेरा, घड्याळ आणि कंट्रोलर हे ओळखीचे भाग नुसते जोडलेत असा ३(एफ) चा आक्षेप असेल तर एका भागाच्या आउटपुटने दुसऱ्याचं काम कसं बदलतं ते मांडा.

सुधारित क्लेमची खूण केलेली आणि स्वच्छ अशा दोन्ही प्रती द्या, प्रत्येक बदलाला मूळ मजकुरातला आधार लिहा. सिम्युलेशनचे नवे आकडे आधार म्हणून जोडता येतात, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेलं वैशिष्ट्य त्या वाटेने क्लेममध्ये शिरत नाही.

आक्षेप उरले तर सुनावणी होते, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. तारीख बदलून हवी असेल तर किमान तीन दिवस आधी मागा. पर्यायी क्लेमचा एक संच तयार ठेवा आणि सिग्नलच्या वेळेची आकृती पडद्यावर दाखवा. दोन चौकांच्या रेषा एकाखाली एक दिसल्या की संदेशाचं वय ही गोष्ट अर्ध्या मिनिटात समजते. लेखी म्हणणं सुनावणीनंतर १५ दिवसांत द्यायचं असतं. अर्ज फेटाळला तर कलम ११७ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. मुंबई कार्यालयात दाखल केलेल्या अर्जासाठी ते मुंबई उच्च न्यायालय.