स्टील डिटेलिंगचं सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा

स्टील डिटेलिंग म्हणजे पोलादी सांगाड्याच्या प्रत्येक तुकड्याचं कारखान्यासाठी ड्रॉइंग काढणं. त्याच्या सॉफ्टवेअरचा डेमो बघायला बसलं की पंधरा मिनिटांत मन भरून जातं. कॉलम उभे राहतात, राफ्टर चढतात, एका क्लिकवर बेस प्लेट येते, बोल्ट बसतात, मॉडेल हवं तसं फिरतं. मी रोज हेच काम करतो, तरी मला ते बघायला अजून आवडतं. पण फिटरच्या हातात मॉडेल नसतं. त्याच्या हातात असेंब्लीचं ड्रॉइंग असतं, कटिंगवाल्याकडे यादी असते आणि ड्रिल लाईनला एनसी फाईल, म्हणजे मशीनला सूचना देणारी फाईल, जाते. सॉफ्टवेअरची पारख या तीन गोष्टींपासून सुरू करावी आणि मग मॉडेलकडे यावं, असं माझं ठाम मत आहे. मॉडेलवर भाळून घेतलेलं सॉफ्टवेअर पुढे ड्रॉइंग काढताना रडवतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

अ‍ॅनालिसिस आणि डिटेलिंगची गल्लत

"आमच्याकडे स्टाड आहे, मॉडेल तयारच आहे, मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला?" हा प्रश्न अनुभवी माणसंही विचारतात. स्टाड आणि ईटॅब्स ही भारांचा हिशेब, म्हणजे अ‍ॅनालिसिस करणारी सॉफ्टवेअर. त्यांच्यात बीम म्हणजे एका नोडपासून (जोडबिंदूपासून) दुसऱ्या नोडपर्यंतची रेघ. समजा, एचईबी ३०० चे (३०० मिमी खोलीचा आय आकाराचा सेक्शन) दोन कॉलम आहेत, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ६००० मिमी, आणि त्यांच्या फ्लँजना (आय आकाराच्या दोन कडेच्या पट्ट्यांना) आयपीई ३०० चा, म्हणजे आणखी एका आय सेक्शनचा बीम जोडायचाय. अ‍ॅनालिसिसमध्ये बीमची लांबी ६०००. प्रत्यक्षात दोन्हीकडे कॉलमची अर्धी खोली, म्हणजे १५०–१५० मिमी वजा होते, आणि दोन्ही टोकांना १० मिमी फट सोडली तर कटिंग लांबी येते ५६८०. एका बीममागे ३२० मिमीचा फरक. आयपीई ३०० चं वजन मीटरला ४२.२ किलो, म्हणजे एका बीमला साडेतेरा किलो. अ‍ॅनालिसिसच्या मॉडेलवरून टनेज काढलं की ही चूक प्रत्येक बीममध्ये साठत जाते, आणि क्लीट, गसेट, स्टिफनर (जोडाचे आणि मजबुतीचे छोटे तुकडे) त्यात मोजलेलेच नसतात.

फॅब्रिकेशन ड्रॉइंगसाठी लागतं ते प्रत्येक तुकडा खऱ्या मापाने ओळखणारं सॉफ्टवेअर: टेकला स्ट्रक्चर्स, अ‍ॅडव्हान्स स्टील, एसडीएस/२, प्रोस्ट्रक्चर्स. रेव्हिट इमारतीच्या सगळ्या शाखांचा मेळ घालायला उत्तम आहे, पण रोजची शेकडो सिंगल पार्ट (एकेका सुट्या तुकड्याची) ड्रॉइंग काढायला मी ते निवडणार नाही. साधं ऑटोकॅड मात्र मी मोडीत काढत नाही. महिन्याला दोन जिने, एखादा प्लॅटफॉर्म आणि थोडं रेलिंग एवढंच काम असेल आणि हात बसलेला असेल, तर त्यात काही वावगं नाही. काम वाढलं आणि बदल रोज यायला लागले की ते पुरत नाही.

जोड आपोआप बसला म्हणजे तपासला, असं नव्हे

ही चूक सगळ्यात धोक्याची आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमधला जोडाचा मॅक्रो (जोड आपोआप बसवणारी आज्ञा) भूमिती बसवतो: प्लेट किती उंच, बोल्ट किती, कडेपासून किती अंतर. तो जोड भार पेलेल की नाही हा वेगळा प्रश्न. काही सॉफ्टवेअर ही तपासणीही करतात. एसडीएस/२ त्यासाठीच ओळखलं जातं. पण ती कोणत्या कोडप्रमाणे होते, बीमवरचे भार कोण भरतं आणि हिशेबाचा कागद बाहेर पडतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर जोडाचं डिझाइन वेगळं करावं लागणार असं धरून चाला आणि त्यासाठी जबाबदार इंजिनिअर ठरवा.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलात लटकते पादचारी मार्ग कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ रचनेत वरचा आणि खालचा असे दोन मार्ग छतापासून आलेल्या एकाच सलग रॉडवर टांगलेले होते. शॉप ड्रॉइंगच्या टप्प्यावर त्या एका रॉडचे दोन तुकडे झाले आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या बीमला लटकवला गेला. बनवायला सोपं झालं, पण वरच्या बीमखालच्या नटवर दोन्ही मार्गांचा भार आला, म्हणजे आधीच्या दुप्पट. ड्रॉइंग मंजूर झालं, पण बदललेल्या जोडाचा हिशेब कोणी केला नाही. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ही घटना माहीत असायला हवी, कारण असा बदल आजही एका क्लिकवर होतो आणि पडद्यावर तो अगदी निर्दोष दिसतो.

विक्रेत्याच्या नमुन्यावर विश्वास

डेमोतलं मॉडेल चौकोनी असतं, कारण चौकोनी मॉडेल कुठेही छान चालतं. ट्रायल लायसन्स मागा आणि तुमचा स्वतःचा, पूर्ण झालेला एक जुना जॉब त्यात बसवा. छोटा चालेल, पण त्यात तिरकी ब्रेसिंग, एक जिना आणि उताराचं छप्पर असू द्या. ड्रॉइंग, याद्या, एनसी फाईल सगळं काढा आणि जुन्या कागदांशी ताडून बघा.

मग खरी परीक्षा घ्या: बदल करा. एका मजल्यावरचे आयपीई ३०० चे बीम आयपीई ३६० करा. खोली ६० मिमीने वाढते, फ्लँज १५० वरून १७० होते. आता बघत बसा. फिन प्लेटची (बीम जिला बोल्टने जोडतात त्या उभ्या प्लेटची) उंची बदलली का? बोल्ट पुन्हा मध्यावर आले का, की वरच्या टोकाला चिकटून राहिले? ब्रेसिंगचा गसेट नव्या फ्लँजमध्ये घुसला का, आणि घुसला तर क्लॅश तपासणीने तो पकडला का? ड्रॉइंगवरची मापं जागच्या जागी राहिली, की तुम्ही हाताने नीट लावलेली सगळी मापं उडाली? रिव्हिजनचा (बदल दाखवणारा) ढग आणि नंबर कुठे येतो? बदललेल्या तुकड्यांचे मार्क (ओळखीचे नंबर) बदलले आणि न बदललेल्यांचे तसेच राहिले का? हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण निम्मा माल कापून झालेला असताना न बदललेल्या तुकड्यांना नवे मार्क मिळाले, तर शॉपमध्ये पडलेला माल कुठला हेच कळेनासं होतं.

मला हा धडा महागात पडलाय. एका जॉबमध्ये एंड प्लेटच्या भोकांची जागा बदलली. मॉडेल दुरुस्त केलं, ड्रॉइंग नवं पाठवलं, पण प्लेटचा मार्क तोच राहिला आणि मशीनच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी एनसी फाईल पडून होती. मशीनने जुनीच उचलली. प्लेटा वेल्ड होऊन इरेक्शनला (साइटवर उभारणीला) गेल्या तेव्हा भोकं जुळेनात. चूक माझी होती. नव्या फाईल पाठवताना जुन्या काढून घ्यायला हव्या होत्या. पण तेव्हापासून मी सॉफ्टवेअर बघताना आधी विचारतो, की रिव्हिजन झालेल्या तुकड्यांच्याच एनसी फाईल वेगळ्या काढता येतात का आणि फाईलच्या नावात रिव्हिजन घालता येतं का.

"आयएफसी चालतं" एवढ्यावर समाधान

आयएफसी म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायचा फॉरमॅट. या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात: आयएफसी नुसतं मागे ठेवून बघता येतं, त्यातले बीम-कॉलम खऱ्या, बदलता येणाऱ्या वस्तूंमध्ये आणता येतात, किंवा आपलं मॉडेल आयएफसी म्हणून बाहेर काढता येतं. तिन्ही वेगवेगळे विचारा, आणि तुमच्या क्लायंटकडून आलेल्या खऱ्या फाईलवर करून दाखवायला सांगा.

मशीनच्या फाईलचंही तसंच. डीएसटीव्ही हा मूळ जर्मन फॉरमॅट, फाईलच्या शेवटी एनसी१. ही साधी मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, आणि प्रत्येक डिटेलरने ती एकदा तरी वाचावी. सुरुवात एसटी या अक्षरांनी होते. मग जॉब, मार्क, ग्रेड, नग, सेक्शन, लांबी. एके म्हणजे बाहेरची कड, बीओ म्हणजे भोकं, ईएन म्हणजे शेवट. बीओखालच्या ओळीत आधी बाजू येते, व्ही असेल तर समोरून म्हणजे वेबवर (आय आकाराच्या मधल्या उभ्या पट्टीवर), ओ असेल तर वरची फ्लँज, यू असेल तर खालची. मग टोकापासूनचं अंतर, उंची आणि व्यास. एम२० बोल्टसाठी तिथे साधारणपणे २२ दिसायला हवं. ट्रायलमध्ये काढलेली एक फाईल तुमच्या ऑपरेटरला द्या, प्रत्यक्ष मशीनवर एक तुकडा पाडायला सांगा आणि टेप लावून मोजा. डेमोतल्या सगळ्या आश्वासनांपेक्षा तो एक तुकडा जास्त सांगतो.

सेक्शनची यादीही याच वेळी तपासा. तुम्ही वापरता ते सगळे सेक्शन आहेत का, आणि उतरत्या फ्लँजचे सेक्शन खऱ्या आकारात येतात का? आयपीएन या आय सेक्शनच्या फ्लँजला १४ टक्के उतार असतो, तिथे बोल्टखाली टेपर (तिरका) वॉशर लागतो. सॉफ्टवेअरने फ्लँज सपाट धरली तर बोल्टच्या यादीत तो वॉशर येतच नाही.

माणसं आणि आवृत्त्या

टेम्प्लेट बसवायला लागणारा वेळ कोणी हिशेबात धरत नाही. तुमच्या शॉपच्या सवयीप्रमाणे ड्रॉइंग निघायला आठवडे जातात, आणि ते काम चालू जॉबच्या डेडलाईनमध्ये उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात. शिकलेला माणूस सोडून गेला तर पुढे कोण, हेही आजच ठरवा. आवृत्तीच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टेकलाचं मॉडेल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलं की जुन्या आवृत्तीत परत जात नाही. क्लायंट कोणत्या आवृत्तीवर आहे हे कळल्याशिवाय चालू जॉब अपग्रेड करू नका.

सॉफ्टवेअर घेऊन झालंय आणि त्रास होतोय?

सारख्या दिसणाऱ्या प्लेटांना वेगवेगळे मार्क येत असतील तर आधी मापं बघा. बाहेरून आणलेल्या मॉडेलमध्ये ६००० च्या जागी ५९९९.७ असं काहीतरी असतं. डोळ्याला दिसत नाही, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो वेगळा तुकडा. ग्रिडवर कॉलम पुन्हा नीट बसवा. नंबरिंगची टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) वाढवून ही चूक झाकू नका.

वजन जुळत नसेल तर बहुधा एक बाजू ग्रॉस (कापण्याआधीचं अख्खं) आणि दुसरी नेट (कापल्यानंतरचं) वजन मोजत असते. ३०० बाय ३०० बाय १० ची चौकोनी प्लेट ७.०७ किलो, तिचा कर्णात कापलेला त्रिकोणी गसेट ३.५३ किलो. बिल कशावर निघणार हे करारात बघा आणि यादीचं टेम्प्लेट त्याप्रमाणे लावा.

आणि क्लीट बीमच्या उलट्या टोकाला वेल्ड होत असतील तर फिटरला बोलावून ड्रॉइंग त्याच्यासमोर ठेवा आणि मार्क कोणत्या टोकाला घालतो ते विचारा. मार्क ड्रॉइंगच्या डाव्या टोकाला, हा आमचा नियम आहे. तो टेम्प्लेटवर लिहिलेला आहे, आणि इरेक्शनच्या ड्रॉइंगवरही मार्क त्याच टोकाला दिसतो.