जुन्या गाडीचा एसी आर-१२ वरून आर-१३४ए वर

माझी गाडी १९९३ सालची, एसी आर-१२ गॅसचा. मॉन्ट्रियल करारानंतर (ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) तो गॅस बाजारातून गेला, म्हणून त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए गॅसवर यायचं ठरवलं. उरलेला गॅस हवेत सोडला नाही, ओळखीच्या एसीवाल्याकडून रिकव्हरी मशीनने काढून घेतला. आर-१२ हवेत गेला की ओझोनचा थर विरळ होतो.

खरी गोम तेलात आहे. जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे फिरून कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) कोरडा पडून जाम होतो. मी कॉम्प्रेसर उतरवला, उलटा धरून त्याच्याच क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवत राहिलो; काळपट तेल थेंब थेंब निथळलं. मग एस्टर ऑइल भरलं. जुन्या तेलाचा थोडा अंश राहिला तरी ते सांभाळून घेतं. ओ-रिंग (जोडांमधल्या सीलच्या रबरी रिंगा) सगळ्या एचएनबीआरच्या, म्हणजे नव्या गॅस-तेलाला चालणाऱ्या रबराच्या टाकल्या, ड्रायरही (आतला ओलावा शोषणारा डबा) नवा. ड्रायरवर पैसे वाचवू नका.

आतली हवा आणि ओलावा काढायला पंपाने पाऊण तास व्हॅक्यूम केला, मग पंप बंद करून गेजचा काटा हलत नाही ना, म्हणजे कुठे गळती नाही ना, ते पाहिलं. गॅस वजन करूनच भरला, आर-१२ च्या मापाच्या साधारण ८५ टक्के. पूर्ण माप भरलं तर हाय साइडचं (कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूचं) प्रेशर फार चढतं.

हायवेवर आता छान गार होतं. सिग्नलला थोडं कमी, कारण कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) जुनाच ठेवलाय.