डोक्यात नको ते विचार येतात? आधी या चुका टाळा

प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघत उभे आहात आणि अचानक मनात येतं, आत्ता उडी मारली तर? नाहीतर देवासमोर हात जोडलेत आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घाणेरडं डोक्यात येतं, किंवा भाजी चिरताना शेजारी खेळणाऱ्या पोराकडे बघून असा विचार येतो की अंगावर काटाच येतो. हे कोणी कोणाला सांगत नाही. आणि चुकून सांगितलंच तर समोरून ठरलेलं उत्तर येतं, "निगेटिव्ह विचार करू नको, पॉझिटिव्ह राहा."

पहिली चूक इथेच होते. नकोसे विचार सगळे एका जातीचे नसतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

"मनात आलं म्हणजे मी तसाच आहे"

वर सांगितलेले विचार आगंतुक असतात, न बोलावता येतात. १९७८ मध्ये राखमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी दाखवलं की असे विचार बहुतेक धडधाकट माणसांनाही येतात आणि ओसीडीच्या, म्हणजे नकोसे विचार आणि त्यापायी त्याच त्याच कृती करायला लावणाऱ्या आजाराच्या, पेशंटच्या विचारांसारखेच असतात. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा जवळपास ९४ टक्के जणांनी गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आल्याचं सांगितलं. म्हणजे विचार येणं ही गडबड नाहीच, गडबड होते ती आपण त्याचा अर्थ लावतो तिथे.

आपल्याकडे तर त्याला खतपाणीच मिळतं. "वास्तू तथास्तु म्हणते", "शुभ बोल रे नाऱ्या" हे ऐकत मोठं झालेल्या माणसाला वाटतं की वाईट मनात आलं म्हणजे ते घडणार, आणि घडलं तर पाप माझ्या माथी. पण ज्या विचाराची तुम्हाला किळस येते, भीती वाटते, तो तुमची इच्छा नसतो, उलट तुम्हाला जे सगळ्यात जास्त जपायचंय नेमकं त्यालाच तो हात घालतो, म्हणून तर देवभोळ्या माणसाला देवाबद्दल आणि आईला बाळाबद्दल येतो.

दाबणं, खोडणं, विचारत राहणं

१९८७ मध्ये वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर विचार करायची परवानगी दिली तेव्हा तर पहिल्यापासून परवानगी असलेल्यांपेक्षा यांच्याच डोक्यात अस्वल जास्त आलं.

दाबण्याचे काही प्रकार तर लक्षातही येत नाहीत. नामस्मरण भक्तीने करताय तर प्रश्नच नाही, पण वाईट विचार आला की अकरा वेळा नाव घ्यायचं, मधे चुकलं की परत पहिल्यापासून, हे सुरू झालं की ते नामस्मरण राहत नाही, ती सक्ती होते. तसंच सुऱ्या कपाटात लपवणं, नवऱ्याला दिवसातून दहादा "मी असं काही करणार नाही ना रे... अरे सांग ना" विचारणं, रात्री गुगल करत बसणं. दोन मिनिटं बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की धोका खरा होता. त्यापेक्षा "आला विचार, बरं" म्हणायचं आणि हातातली भाजी चिरत राहायचं, छाती धडधडली तरी. सोपं नाहीये, मान्य. रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ यातच जात असेल किंवा कामं अडत असतील तर एकट्याने झगडू नका, ओसीडीवर खास थेरपी आहे, औषधं आहेत, आणि बऱ्याच जणांना फरक पडतो.

बाळंतपणानंतर असे विचार खूप जणींना येतात. घरच्यांची चूक म्हणजे घाबरून बाळ काढून घेणं किंवा "बाहेरचं काहीतरी लागलंय" म्हणून अंगारा आणणं. फक्त एक फरक ओळखा. तिला स्वतःच्या विचाराची भीती न वाटता तो खराच पटायला लागला असेल, आवाज ऐकू येत असतील, झोप नसतानाही ती भलत्याच जोशात असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ती इमर्जन्सी आहे.

काळजी आणि रवंथ

काळजी पुढची असते, "नोकरी गेली तर, रिपोर्ट वाईट आला तर". दिवसभर थोडी थोडी करण्यापेक्षा तिला संध्याकाळची ठरलेली अर्धा तास वेळ द्या, बाकी वेळी आली की वहीत टिपून ठेवा. ही पद्धत १९८३ पासून अभ्यासात आहे. झोपायच्या तोंडावर मात्र ही वेळ ठेवू नका.

रवंथ मागचं असतं, "तो असं का बोलला, माझंच असं का होतं". इथे लोकांना वाटतं की खोल विचार करतोय, उत्तर सापडेल. सापडत नाही, मूड अजून पडतो. "का" सोडून "आता काय करू" वर या, उठा, खाली चक्कर मारा.

मरणाचे विचार एकाच मापाने मोजू नका

गच्चीच्या कठड्याशी उभं राहून "उडी मारली तर" असं वाटून दचकून मागे येणं वेगळं, आणि "सुटलो असतो एकदाचा" म्हणून बरं वाटणं, मार्ग शोधणं, वस्तू वाटून टाकणं वेगळं. दुसरं असेल, किंवा नक्की कोणतं तेच कळत नसेल, तर वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या कोणाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे.

शेवटची चूक डॉक्टरांच्या केबिनमधली. इतकं धाडस करून जायचं आणि तिथे "टेन्शन आहे, झोप लागत नाही" एवढंच सांगून झोपेची गोळी घेऊन यायचं. खरा विचार सांगितलाच नाही तर समोरच्याला कळणार कसा? त्यांनी असलं भरपूर ऐकलेलं असतं. तोंडाने बोलायला जमत नसेल तर मोबाइलवर टाइप करून स्क्रीन त्यांच्यासमोर धरा, चालतं.