अंधारात पळण्यासाठी हेडलॅम्प घेताय? या चुका टाळा

बडोद्यात पहाटे पळणाऱ्याला अंधार चुकत नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आणि बडोदा 73 अंशांच्या जरासं पुढे, त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने सूर्य आपल्याकडे पस्तीस-चाळीस मिनिटं उशिरा येतो. जानेवारीत सूर्योदय 7.20च्या आसपास असतो. नऊला ऑफिस गाठायचं तर साडेपाचला घर सोडावंच लागतं. मे महिन्यात पारा 40च्या वर जातो, तेव्हा तर त्याहूनही लवकर. कमाटीबागेभोवती किंवा रेसकोर्स रोडवर दिवे पुरेसे आहेत. पण भायलीच्या पुढे गेलात, किंवा लांब पल्ल्यासाठी सिंधरोटकडे मही नदीच्या दिशेने निघालात, की हेडलॅम्पशिवाय, म्हणजे कपाळावर बांधायच्या दिव्याशिवाय, पळणं म्हणजे घोटा मुरगळून घ्यायची तयारी.

नवीन पळणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "किती ल्यूमेनचा घेऊ?" उत्तर मी देते, पण त्याआधी सांगते की उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून पडतो, कुठे पडतो आणि किती वेळ टिकतो, हे जास्त महत्त्वाचं आहे. आमच्या ओळखीत ज्यांना हेडलॅम्पने त्रास दिला, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे उजेड भरपूर होता.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सगळीकडे मिळून बाहेर पडणारा उजेड. तो एका जागी एकवटलाय की पसरलाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दिवे असलेल्या रस्त्यावर 100-150 ल्यूमेन पुरतात, अंधाऱ्या डांबरी रस्त्यावर 200-300, आणि पावागडसारख्या चढ-उताराच्या दगडी वाटेवर 300-400. याहून मोठा आकडा रस्त्यावर पळणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. उजेड दुप्पट केला म्हणून डोळ्याला तो दुप्पट वाटतही नाही. बॅटरी मात्र नक्की लवकर संपते.

चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल-1 या मानकाप्रमाणे मोजलेले आकडे देतात. ते मोजतात कसे, हे माहीत असलं की फसायला होत नाही. ल्यूमेन मोजतात दिवा लावल्यावर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या आत, म्हणजे दिवा ताजातवाना असताना. 'किती तास चालतो' हा आकडा म्हणजे उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. सुरुवातीला 300 असलेला दिवा 30 वर आला तरी मानकाच्या दृष्टीने तो चालूच आहे. तुमच्या दृष्टीने तो कधीच निरुपयोगी झालेला असतो. आणि झोताचं अंतर मोजतात उजेड 0.25 लक्सवर येईपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. '100 मीटर' लिहिलंय म्हणजे 100 मीटरवरचा खड्डा दिसेल असं नाही, तिथे चांदणं पडल्यासारखं होईल इतकंच. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, त्यामुळे कामाचं अंतर निम्म्याहूनही कमी धरा.

'300 ल्यूमेन, 40 तास' असं खोक्यावर शेजारी-शेजारी छापलेलं असेल तर 300 हे सगळ्यात वरच्या मोडचे आणि 40 तास सगळ्यात खालच्या मोडचे असतात. दुकानात विचारायचा प्रश्न असा: "मधल्या मोडवर किती तास, आणि तोवर उजेड एकसारखा राहतो का?" काही दिवे बॅटरी उतरत जाते तसे मंद होत जातात. काहींमध्ये उजेड स्थिर ठेवणारं सर्किट असतं. पळण्यासाठी दुसरा प्रकार घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या दिव्यांची आणखी एक खूण सांगते. त्यात 18650 नावाचा सेल असतो: 18 मिमी जाड, 65 मिमी लांब. एवढ्याशा डबीत आजच्या घडीला चांगल्यात चांगली कंपनीही साधारण 3500 ते 4000 एमएएचच बसवू शकते. सेलवर 9900 छापलेलं दिसलं तर तो दिवा घेऊ नका. जो सेलबद्दल एवढं खोटं छापतो, त्याच्या चार्जिंग सर्किटवर घरात झोपलेलं असताना भरवसा ठेवायचा का, हा विचार करा.

सगळा उजेड कपाळावरूनच पाडणं

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खड्डा आपल्याला त्याच्या सावलीमुळे दिसतो. दिवा कपाळावर, डोळ्यांच्या अगदी वर असला की उजेड आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत येतात. सावली पडते, पण ती वस्तूच्या मागे दडते. मग उखडलेलं डांबर, गटाराचं दबलेलं झाकण, रंग उडालेला बम्प, सगळं सपाट दिसतं. पाय पडतो तेव्हाच कळतं. तोच दिवा कमरेला लावा. उजेड खालून, तिरका येतो, आणि सुपारीएवढ्या खड्याचीही लांब सावली समोर दिसते.

घरी करून बघा. रात्री सगळे दिवे घालवा, फरशीवर मूठभर हरभरे पसरा. आधी दिवा कपाळाला धरा, मग हळूहळू बेंबीपर्यंत खाली आणा. कपाळाशी असताना हरभरे फरशीत मिसळून गेलेले असतात. दिवा छातीच्या खाली येतो तसा एकेक दाणा वेगळा उठून दिसायला लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ल्यूमेनची चर्चा मागे पडते.

मग हेडलॅम्प घ्यायचाच नाही का? घ्यायचा, कारण एक काम फक्त कपाळावरचा दिवाच करतो. कुत्रा, गाय, मांजर यांच्या डोळ्यांत मागे परावर्तन करणारा पडदा असतो आणि तो उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो. दिवा डोळ्यांजवळ असला की ती चमक थेट आपल्याला दिसते. कमरेला असला की ती बरीचशी आपल्या नजरेच्या खालून निघून जाते. अंधारात बसलेली कुत्र्यांची टोळी पन्नास पावलांवरून कळली तर चालत, शांतपणे पुढे जाता येतं. पाच पावलांवर कळली तर नाही.

आपल्या गावात याला आणखी एक कारण आहे. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आणि ऑगस्ट 2024च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. मगरीचे डोळे उजेडात लालसर-नारिंगी चमकतात, निखाऱ्यासारखे. पावसाळ्यात नदीकाठच्या किंवा नाल्यालगतच्या रस्त्याने जाणार असाल तर अधूनमधून मान वळवून कडेला झोत टाकत चला. जमिनीलगत अशी चमक दिसली तर थांबा, मागे फिरा, आणि वनविभागाला कळवा. पूर ओसरल्यानंतरचे काही आठवडे तो रस्ताच सोडा.

सापाचे डोळे मात्र चमकत नाहीत. पावसाळ्यात कोमट डांबरावर येऊन पडलेला साप दिसतो तो सावलीमुळे, म्हणजे खालून येणाऱ्या उजेडात. म्हणून माझा सल्ला असा: कपाळावर 150-200 ल्यूमेनचा हलका दिवा, आणि कमरेच्या पट्ट्याला किंवा हातात दुसरा. एक 600चा घेण्यापेक्षा दोन 200चे घ्या. एक बंद पडला तरी घरी परतता येतं, हा फायदा वेगळाच.

झोत पायाशी टाकणं

6 मिनिटांत एक किलोमीटर या वेगाने पळणारा सेकंदाला जवळपास 2.8 मीटर जातो. दिसलं, कळलं आणि पाऊल बदललं यात सहज दीड-दोन सेकंद जातात, थांबायचं असेल तर आणखी. म्हणजे झोताचा मध्य 8 ते 10 मीटर पुढे हवा. नवखे लोक तो दोन मीटरवर ठेवतात आणि खाली बघत पळतात. अर्ध्या तासात मान आखडते आणि समोरचा खांब उशिरा दिसतो.

उलट चूकही तितकीच वाईट. झोत सरळ ठेवला तर समोरून येणाऱ्या दूधवाल्याच्या डोळ्यांत जातो, क्षणभर त्याला काहीच दिसत नाही, आणि त्याची मोटारसायकल तुमच्याच दिशेने येत असते. गटात पळताना तर शेजाऱ्याशी बोलायला मान वळवली की उजेड त्याच्या तोंडावर. "काका, लाइट खाली करा ना!" हे आमच्या गटात रोज ऐकू येतं. बोलायचं असेल तर हनुवटी खाली घ्या किंवा दिव्यावर हात धरा. काकाही ऐकतात, दोनदा सांगावं लागतं इतकंच.

डोक्यावर न बसणारा दिवा

दिवा नुसता कपाळावर टेकवून बघू नका, दुकानात जागच्या जागी पळा. झोत नाचत असेल तर तासाभरात डोकं दुखणार. पुढचं वजन 60 ग्रॅमच्या आत असेल तर साधा पट्टा पुरतो. 100च्या वर गेलं की बॅटरी मागे असलेला घ्या, नाहीतर नाचू नये म्हणून पट्टा इतका आवळाल की कपाळावर वळ उठेल. टोपी घालत असाल तर ती घालूनच बघा, कारण टोपीची झापड खालचा उजेड अडवते. टोपी उलटी घातली की प्रश्न मिटतो.

हात हलवून चालू-बंद होणारा सेन्सर असलेले दिवे सध्या फार मिळतात. पळणाऱ्यासाठी ते गैरसोयीचे आहेत. कपाळावरचा घाम पुसायला हात वर गेला की दिवा विझतो, तोही नेमका वळणावर. आधीच घेतला असेल तर सेन्सर बंद करायचं बटण शोधा, बहुतेकांत ते वेगळं असतं. मुख्य बटणही घामट बोटाने, न बघता दाबता येतंय का ते तपासा.

पाऊस, धुकं, किडे

दिवा किती पाणी सोसतो, हे खोक्यावरच्या आयपीएक्स या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स-4 म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी चालतं. घाम आणि भुरभुर पावसाला ते पुरेसं. आयपीएक्स-7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. आपल्या जुलैच्या सरींसाठी हा बरा. पण चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण नीट लावलं नसेल तर कुठल्याही आकड्याचा उपयोग नाही.

धुक्यात उजेड वाढवला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून उलटलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. तेव्हा कपाळावरचा दिवा मंद करा किंवा बंद करा आणि कमरेच्या दिव्यावर पळा. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे तोंडावर येतात तेव्हाही हाच उपाय. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेडावर किडे कमी येतात, आणि मातीचा रस्ताही त्यात जास्त उठावदार दिसतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर. मिळत असेल तर 4000 केल्विनच्या आसपासचा घ्या.

दिवा असा वागत असेल तर

पूर्ण चार्ज असूनही पाच-दहा मिनिटांत मंद होतो: बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. एलईडी तापू नये म्हणून सर्किट उजेड उतरवतं, आणि मे महिन्यात ते लवकर होतं. पहिल्यापासून मधला मोड लावा.

पाऊल पडलं की लुकलुकतो: बहुधा सेलच्या टोकांवर घामाचं मीठ बसलंय. सेल काढून दोन्ही टोकं आणि आतली स्प्रिंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या. पट्टाही आठवड्याला साबणाने धुवा, दिवा काढून.

टाइप-सी असूनही मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्ज होत नाही: स्वस्त दिव्यांमध्ये एक बारीकसा रोध (रेझिस्टर) पैसे वाचवायला गाळलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर वीजच सोडत नाही. जुन्या चार्जरवर जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, चालू होईल. दिवा परत करायची गरज नाही.

पिशवीतून काढला तर बॅटरी संपलेली: बटण दाबलं गेलं. लॉक मोड असेल तर वापरा, नसेल तर सेल काढून वेगळा ठेवा.

आणि उन्हाळ्यात दिवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. दोन-तीन महिने वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा.

आपण दिसतो, असं गृहीत धरणं

कपाळावरचा दिवा मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. पाठीला लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट हवंच. पट्टी घोट्यालाही बांधा. हलणारी चमक चालकाच्या लवकर लक्षात येते. पुढचा दिवा लाल मोडवर ठेवून पळू नका, समोरच्याला तुम्ही त्याच्याकडे पाठ करून जाताय असं वाटतं. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे येणारी वाहनं तुमच्या समोर असतील.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधी आठवडाभर आणि नंतर पंधरा दिवस आणखी एक काळजी घ्या. झाडांतून, खांबांतून तुटलेला मांजा गळ्याच्या उंचीवर लोंबत असतो आणि तो कुठल्याही हेडलॅम्पमध्ये वेळेवर दिसत नाही. त्या दिवसांत गळ्याला जाड कापडाची पट्टी गुंडाळा, वेग कमी ठेवा, आणि झाडांच्या खालचे रस्ते सोडून मोकळ्या मैदानावर फेऱ्या मारा.