जुन्या डिझेल गाडीची घरच्या घरी निगा आणि दुरुस्ती

टाटा सुमो १९९४ मध्ये आली, इंडिका १९९८ मध्ये आणि महिंद्रा बोलेरो २००० मध्ये. या गाड्यांच्या जुन्या आवृत्त्या विदर्भातील तालुक्यांच्या रस्त्यांवर अजूनही दिसतात, कारण त्यांचा इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप यांत्रिक असतो आणि त्यातील दोष बहुतेक वेळा डोळ्यांनी, कानांनी व हाताने शोधता येतो. अशी गाडी केवळ वयामुळे क्वचितच निकामी होते. आपल्याकडे तिचे नुकसान होते ते रेडिएटरमधील खराब पाण्यामुळे, फिल्टर चुकवून इंजिनात शिरणाऱ्या धुळीमुळे आणि डिझेलमध्ये मिसळलेल्या पाण्यामुळे. या तिन्हींचा बंदोबस्त अंगणात करता येतो. पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उघडण्याचे काम मात्र त्याची चाचणी यंत्रणा असलेल्या पंप-नोझलच्या दुकानातच करून घ्यावे. पुढील माहिती यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरतीच आहे. कॉमन रेल, म्हणजे संगणकाने नियंत्रित डिझेल पुरवठ्याच्या नव्या इंजिनात, डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे जातो, त्यामुळे त्याचे पाइप घरी सैल करण्याचा विचारसुद्धा करू नये.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. काळ्या मातीत जॅक रुततो, पावसाळ्यात तर भराभर रुततो, म्हणून जॅकखाली जाड सागवानी फळी ठेवावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय अंग आत घालू नये. विटांचा आधार देऊ नये, कारण वीट वजनाखाली अचानक फुटते.

सर्वांत जास्त लक्ष रेडिएटरकडे द्यावे लागते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. तिथले बोअरचे पाणी माणसाला पिववत नाही, मग ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांना कसे मानवेल? खाऱ्या पाण्याने धातू गंजतो, जड पाण्याने आत चुन्याचा थर बसतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की इतर वेळी निभावून नेणारा तोच रेडिएटर कमी पडतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून भरावे आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु आपल्याला त्याचा उपयोग मुख्यतः गंज रोखण्यासाठी आणि उकळण्याचे तापमान वाढवण्यासाठी आहे.

रेडिएटरचे झाकण ही दिसायला क्षुल्लक, पण फार महत्त्वाची वस्तू आहे. ते आत साधारण एक बारपर्यंत जास्तीचा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की पाणी उतू जाऊ लागते आणि मालक उगाच हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्या मधल्या सीलच्या, चिंतेत पडतो. नवे झाकण स्वस्त असते, म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. इंजिन गरम असताना मात्र झाकणाला हात लावू नये.

रेडिएटरची बाहेरची बाजूही तितकीच तपासावी. कापसाच्या हंगामात उडणारे तंतू आणि सोयाबीनच्या मळणीतला भुसा जाळीत अडकून त्याचा नमदा तयार होतो, आणि एसी असलेल्या गाडीत तो कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसत असल्यामुळे समोरून दिसतही नाही. इंजिन थंड असताना पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने तो धुऊन काढावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

उन्हाळा लागला की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला अनेक मिस्त्री देतात. माझ्या मते हा सल्ला ऐकू नये. थर्मोस्टॅट नसले तर इतर महिन्यांत इंजिन योग्य तापमानापर्यंत पोहोचत नाही, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांच्या रचनेत पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतो, म्हणजे ज्यासाठी ते काढले तो हेतूही साधत नाही. त्याऐवजी ते सोडवून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावे आणि पाणी तापवावे. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ते उघडू लागले पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटले पाहिजे. नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो.

रस्त्यात तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून केबिनचा हीटर पूर्ण चालू करावा, गाडी सावलीत थांबवावी आणि वाफ येत नसेल तर इंजिन थोडा वेळ आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू द्यावे. वाफ येत असेल किंवा पाणी संपले असेल तर इंजिन लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. कुठेही गळती नसताना पाणी वारंवार कमी होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत, आणि त्यानंतरचे काम गॅरेजचे आहे.

पांदण रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या बराच आधी भरतो. कागदी फिल्टर हलकेच आपटून, कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झटकावा. तो पाण्याने धुऊ नये आणि दगडावर जोराने आपटू नये. झटकल्यावर आत टॉर्च धरावी आणि कुठे सुईएवढे जरी भोक दिसले तरी फिल्टर फेकून द्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढून त्याच्या आतून बोट फिरवावे. बोटाला माती लागली तर धूळ फिल्टरमधून नव्हे, सैल क्लॅम्पमधून किंवा चिरलेल्या पाइपमधून आत जात आहे, आणि ही गळती पिस्टन व रिंगांना घासून काढते. जुन्या काही जीपवजा गाड्यांत ऑइल बाथ फिल्टर असतो, ज्यात धूळ भांड्यातील तेलात अडकते. त्यातील तेल गाळाने जड झाले की भांडे डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे.

डिझेलमध्ये पाणी दोन वाटांनी येते. एक म्हणजे अर्धी रिकामी टाकी, जिच्यात पावसाळ्याच्या दमट हवेतील बाष्पाचे थेंब होतात. दुसरी म्हणजे ट्रॅक्टर किंवा पंपासाठी घरी कॅनमध्ये साठवलेले डिझेल. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून कॅनमधले शेवटचे डिझेल गाडीत ओतू नये. डिझेल फिल्टरच्या तळाचा बोल्ट पावसाळ्यात महिन्यातून एकदा सैल करून, तळाचे द्रव काचेच्या बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवावे. पाणी असल्यास खाली वेगळा थर दिसतो.

फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपल्यावर गाडी एअर धरते, म्हणजे नळीत हवा अडकते आणि सेल्फ कितीही मारला तरी इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी बॅटरी उतरवण्याऐवजी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढण्याचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) दाबत राहावे. आधी फेस येतो, नंतर बुडबुडे, आणि शेवटी अखंड डिझेल वाहू लागले की डिझेल वाहत असतानाच स्क्रू घट्ट करावा. तरीही सुरू न झाल्यास नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एक फेरा सैल करून सेल्फ मारावा, प्रत्येक नटाशी डिझेल फुटले की ते घट्ट करावेत. उघड्या नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये, कारण डिझेलचा दाब त्वचा भेदून आत जातो आणि जखम बारीक दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तांब्याचे वॉशर जुने वापरू नयेत.

रात्री नीट बंद केलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावरच सुरू होत असेल, तर बहुधा टाकी आणि पंप यांच्या मधल्या नळीतून बारीक हवा शिरत असते आणि डिझेल रात्रीतून टाकीकडे परत जाते. फिल्टरजवळ थोडा वेळ पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की आतले बुडबुडे दिसतात आणि गळतीचा शोध सोपा होतो. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतच अशी अडचण येत असेल तर हीटर प्लग (थंड सिलिंडर सुरू करताना तापवणारे विजेचे प्लग) तपासावेत. तारा सोडवून मल्टिमीटरने प्रत्येकाचा रोध मोजावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही.

धुराचा रंग पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी. काळ्या धुरासाठी पंपाला हात लावण्याआधी एअर फिल्टर पाहावा. आयडलवर एकेका नोझलचा नट क्षणभर सैल केल्यावर, ज्या सिलिंडरच्या वेळी इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही, एवढे निदान घरी करून मगच नोझल दुकानात न्यावे.

ऑइल बदलल्यावर डिझेल इंजिनात ते लवकर काळे पडते, त्याची काळजी नको. मात्र ऑइल मोजण्याच्या पट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर गाडी चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. जुने ऑइल विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर न ओतता डब्यात साठवून भंगारवाल्याकडे द्यावे. इंडिकाच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. जुनी गाडी विकत घेतली आणि तो कधी बदलला हे कळले नाही तर आधी तो बदलावा, कारण तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. धान्याच्या कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे.

गाडी १५ वर्षांची झाली की खासगी नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. दिल्ली परिसरातील दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध आपल्याला लागू नाहीत. पीयूसी चाचणीत बीएस-४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराची घनता मोजण्याचे एकक), तर बीएस-४ गाडीसाठी ५० आहे. चाचणीला जाताना एअर फिल्टर स्वच्छ असावा, ऑइलची पातळी योग्य असावी आणि इंजिन पूर्ण तापलेले असावे. थंड इंजिन जास्त धूर सोडते, म्हणून केंद्र घराजवळच असेल तर थोडा लांबचा फेरा मारून तिथे जावे.