टायमर संपला, रिक्वेस्ट नाही: डिस्कचा ड्रायव्हर लिहिताना या चुका टाळा

आषाढात मालवणला घरी होतो. लॅपटॉप इन्व्हर्टरवर, पण टेस्ट बोर्डाची जुनी हार्डडिस्क थेट घरच्या विजेवर. दिवा मंदावला की डिस्क अडखळायची आणि पुन्हा वेग घ्यायला बराच वेळ लावायची. माझ्या ड्रायव्हरचा (डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर होता ५ सेकंदांचा. तो संपला की रिक्वेस्टला एरर देऊन मी मोकळा. संध्याकाळी चुलतभावाची मासळीच्या हिशेबाची फाइल उघडली, तर सुरमईच्या ओळीखाली फोटोतला कचरा. मोजला, तर बरोबर ४,०९६ बाइट, म्हणजे मेमरीचं एक पान.

टायमर संपतो तेव्हा फक्त आपली वाट पाहणं संपतं. डिस्कच्या लेखी ती रिक्वेस्ट चालूच असते. मी सोडलेलं पान कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) हिशेबाच्या फाइलला दिलं आणि उशिरा जागा झालेला डीएमए (प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिण्याची डिस्कची सोय) आधी मागितलेला फोटो त्यावरच लिहून गेला. म्हणून आधी कमांड रद्द करा, जमलं नाही तर डिव्हाइस रीसेट करा आणि डीएमए थांबल्याची खात्री झाल्यावरच रिक्वेस्ट संपवा. मुदतही सढळ ठेवा. लिनक्स स्कझी (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कला एरवी ३० सेकंद देतं. टायमर संपतो नेमकं त्याच क्षणी इंटरप्ट (काम झाल्याचा डिस्कचा इशारा) आलं, तर रिक्वेस्ट दोनदा संपू शकते. कोण संपवणार, हे अॅटॉमिक फ्लॅगने (एका वेळी एकालाच बदलता येणाऱ्या खुणेने) ठरवा.

दुसरी चूक रिक्वेस्टच्या रांगेची. डिव्हाइस भरलं की रांग थांबवायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, काम संपल्यावर ती पुन्हा चालू करायचं राहून जातं. मग एररही दिसत नाही, प्रोसेस नुसती 'डी' अवस्थेत (डिस्कची वाट पाहत, मारूनही न मरणारी) अडकते. हंग टास्क (अडकलेल्या प्रोसेस शोधणारी) तपासणी चालू असेल, तर साधारण १२० सेकंदांनी कर्नल तक्रार करतो. तेव्हा आधी रांगच तपासा.

स्वतःचा टायमर वापरत असाल, तर त्याच्या कॉलबॅकमध्ये (टायमर संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपायचं, म्हणजे कशाची वाट पाहत थांबायचं नाही. म्युटेक्सही (मिळेपर्यंत थांबायला लावणारं लॉक) तिथे घ्यायचा नाही. ते काम वर्कक्यूकडे (नंतर करायच्या कामांच्या कर्नलमधल्या रांगेकडे) द्या. कॉलबॅकला लागणारं लॉक हातात धरून टायमर संपण्याची वाट पाहिलीत, तर दोघंही कायमचे अडकतात. ड्रायव्हर काढताना टायमर पुन्हा लागू नये म्हणून लिनक्स कर्नल ६.२ पासून 'टायमर शटडाउन सिंक' हे फंक्शन आहे, तेच वापरा.

जिफीजची (कर्नलच्या वेळ मोजणाऱ्या आकड्याची) तुलना साध्या 'पेक्षा मोठा' चिन्हाने करू नका. ३२ बिटांच्या कर्नलमध्ये तो आकडा बूटनंतर ५ मिनिटांतच मुद्दाम उलटवलेला (कमाल मर्यादा गाठून पुन्हा शून्यावर आणलेला) असतो, अशी चूक लवकर सापडावी म्हणून.

आता चाचणी करताना वाचन चालू असतानाच मी डिस्कची वीज हाताने तोडतो, ४० सेकंदांनी जोडतो आणि फाइलचा चेकसम (मजकूर बदलला का हे सांगणारा आकडा) पाहतो.