वणवा आटोक्यात आला म्हणजे विझला नव्हे : काजू-आंबा बागायतदारांसाठी फेब्रुवारी ते मे

काजूची बी गळायला लागली आणि सड्यावरचं गवत पायाखाली कुरकुरायला लागलं, की आपल्याकडे वणव्याचे दिवस सुरू होतात. वन विभागाच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला तारखेची गरज नाही. दुपारी समोरच्या डोंगरावर धुराची रेघ दिसली की हातातला घास तसाच राहतो. वर्षभराचं उत्पन्न झाडावर असतं आणि खाली वीतभर वाळलेला पातेरा, म्हणजे गळलेली पानं.

वीस वर्षं कलमं सांभाळताना दोन-तीन वेळा होरपळलो, त्यातून जे कळलं ते लिहितोय. मुख्य गोष्ट आधी सांगतो. आपल्याकडे बागा पहिल्या आगीत जळतात त्याहून जास्त वेळा ‘विझली’ म्हणून सोडून दिलेल्या आगीत जळतात. त्यामुळे जाळपट्टी (आग अडावी म्हणून बागेभोवती गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) जितकी महत्त्वाची, तितकाच आग विझल्यानंतरचा पहारा.

वारा कधी फिरतो ते आधी बघा

किनारपट्टीत सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे हलका वाहत असतो. उन्हं वर आली, साधारण अकरा-बारा वाजले, की खारा वारा सुटतो आणि दिशा उलटी होते. घाटाच्या पायथ्याकडच्या गावांत हा बदल थोडा उशिरा जाणवतो, एवढाच फरक. सकाळी आठ वाजता शेजाऱ्याच्या वरकस जमिनीत गवत जळताना दिसतं, आग तुमच्यापासून लांब चाललेली असते, म्हणून तुम्ही निवांत बी वेचायला जाता. साडेबारा वाजता तीच आग तोंड फिरवून तुमच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी येते. त्यात चढ असला तर विचारायला नको. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात, म्हणून आग चढावर उतारापेक्षा कितीतरी वेगानं पळते. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे.

म्हणून जाळपट्टी काढायला माणसं कमी असतील, पैसे कमी असतील, तर चारही बाजूंना फूट-फूट साफ करत बसू नका. आधी पश्चिमेची आणि खालच्या उताराची बाजू नीट रुंद करा. दुपारची आग बहुतेक वेळा तिथूनच येते.

जाळपट्टी

सपाटीवर, गुडघाभर गवत असेल तर किमान दहा फूट. उतारावर किंवा गवत कमरेइतकं असेल तर पंधरा-वीस फूट. गवत कापून तिथेच पसरून ठेवलं तर ती जाळपट्टी नव्हे, ते आगीसाठी घातलेलं अंथरूण. ग्रासकटरनं बेणणी केल्यावर बहुतेकांचं इथंच चुकतं. कापलेलं गवत दाताळानं ओढून आत बागेच्या मध्याकडे न्या, नाहीतर गुरांना घाला. पट्टीत माती दिसली पाहिजे.

काही जण पट्टीतलं गवत जाळून काढतात. जाळायचंच असेल तर सकाळी, दव असताना, सात ते नऊच्या दरम्यान. दोन्ही कडा आधी कापून घ्यायच्या, दोन माणसं पंप भरून उभी, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत कुणी न्याहारीला जायचं नाही. जंगलाच्या हद्दीला लागून असाल तर वनरक्षकाला सांगितल्याशिवाय काडी ओढू नका. राखीव वनात आग लावणं किंवा तिथं आग पसरेल अशी ठेवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, आणि ‘माझ्या जमिनीतली गेली’ ही सबब पुरत नाही.

आच्छादनाचा प्रश्न दरवर्षी येतो. उन्हाळ्यात ओल टिकवायला कलमांच्या बुंध्याशी पातेरा घाला असं आपणच सांगतो, आणि तोच पातेरा वणव्यात झाड मारतो. माझा तोडगा असा : बाहेरच्या दोन ओळींना आच्छादन नाहीच. आतल्या झाडांना घालायचं, पण बुंध्यापासून दीड-दोन फूट मोकळं सोडून, आणि वर मातीचा पातळ थर. काजूच्या बाबतीत जास्त जपा. त्याच्या बीचं टरफल तेलकट, एकदा पेटलं की लवकर विझत नाही. झाडाखाली झाडून ठेवलं तर बी वेचायलाही सोपं पडतं, मजुरीचा तेवढाच वसूल.

काटेरी वई (कुंपण) जुनी, वाळलेली असेल तर ती काढून टाका. मी स्वतः पाहिलंय, आग जाळपट्टीपर्यंत येऊन थांबली होती आणि वईला धरून सरळ मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) पडवीत शिरली. पेंढ्याची उडवी मांगराला चिकटून नको, गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला तर नकोच. पाण्याची टाकी असेल तर तिच्याखालचा नळ लोखंडी ठेवा. पीव्हीसीची तोटी पहिल्यांदा वितळते आणि भरलेली टाकी डोळ्यांदेखत वाहून जाते.

बागेवरून विजेच्या तारा जात असतील तर फांद्या जानेवारीतच उतरवा. लोंबलेल्या तारा दुपारच्या वाऱ्यात एकमेकींना घासतात आणि ठिणगी पडते. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, तारांचा फोटो तारखेसह ठेवा. माझी दहा-बारा कलमं तशीच गेली तेव्हा ‘तुम्ही कळवलंच नव्हतं’ हे उत्तर मिळालं, आणि माझ्याकडे कागद नव्हता.

भाजावळ

राब भाजायचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायची, की नाही यावर वाद घालत नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ कित्येक वर्षं सांगतंय की गादीवाफे करून, गिरिपुष्पाचा पाला नि शेणखत घालून राबाशिवाय चांगली रोपं होतात, आणि होतातही. तरी जे भाजणार आहेत त्यांनी जुन्या माणसांची रीत तरी पूर्ण पाळावी : कवळ (तोडून वाळवलेल्या पाल्याच्या फांद्या), शेण, पातेरा रचून वर माती, सगळीकडून खणलेली कड, पहाटेची वेळ, आणि वारा जिकडे जातोय त्या टोकाकडून पेटवणं, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश सरकते. रीत अर्धीच उचलली जाते आणि मग मार्चमध्ये अख्खा डोंगर काळा होतो. ‘डोंगर जाळला की गवत चांगलं येतं’ हे मात्र सोडून द्या. हिरवा कोंब लवकर दिसतो एवढंच. पहिल्या पावसात उघड्या उताराची माती पऱ्यात, ओढ्यात जाते, ती कुणी मोजत नाही.

धूर दिसल्यावर

वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आग लागली धावा’ एवढंच येतं आणि चाळीस जण ‘कुठे?’ विचारतात. त्यापेक्षा चार गोष्टी लिहा : जागेचं गावातलं नाव, आग कोणत्या दिशेला चाललीय, वारा कुठून आहे, पुढे कुणाची बाग किंवा घर आहे. पाठोपाठ वन विभागाच्या हेल्पलाइनला १९२६ वर फोन, घरांना धोका असेल तर ११२. एक माणूस लांब, उंचावर उभा ठेवा. त्यानं विझवायचं नाही, फक्त बघायचं आणि ओरडायचं.

विझवताना आगीच्या तोंडासमोर जाऊ नका. मागच्या, जळून गेलेल्या बाजूनं सुरुवात करून दोन्ही कुशी दाबत पुढे सरका. ऐनाचे नाहीतर निरगुडीचे हिरवे टहाळे, ओली गोणपाटं, आणि आपला रोजचा सोळा लिटरचा फवारणी पंप. पंप ही गवताच्या आगीवरची सर्वांत कमी लेखलेली वस्तू आहे. नोझल मोठं लावून ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, मुळाशी मारायचं. एकानं पंप, मागून दुसऱ्यानं टहाळा. मात्र तणनाशकाचा पंप धुतल्याशिवाय आणू नका.

अंगावर सुती कपडे, पायात बूट. नायलॉनची टी-शर्ट अंगाला चिकटते. पळायची वेळ आली तर चढावर कधीच नाही. जळून काळी झालेली जमीन ही सर्वांत सुरक्षित जागा. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर पदभ्रमणाला गेलेले लोक वाळल्या गवताच्या उतारावर आगीत सापडले आणि वीसहून अधिक जण दगावले. तरणीताठी माणसं होती. समोरून उलटी आग लावून वणवा अडवण्याचा प्रयोग, गावात तसा जाणता माणूस नसेल तर, करू नका.

आटोक्यात, आणि विझला

हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. आग आटोक्यात म्हणजे तिच्याभोवती, ती ओलांडणार नाही अशी रेघ पुरी झाली. आत अजून जळत असू शकतं. अमेरिकेतल्या बातम्यांत ‘आग साठ टक्के आटोक्यात’ असं येतं, त्याचा अर्थ साठ टक्के विझली असा नसतो. आगीच्या परिघापैकी साठ टक्के कडेला टिकेल अशी रेघ झालीय, एवढाच असतो. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात ७ जानेवारी २०२५ ला भडकलेल्या आगीत २३ हजारांहून जास्त एकर जळलं, आणि ३१ जानेवारीला ती शंभर टक्के आटोक्यात आली. तपासयंत्रणांनी पुढे ऑक्टोबरमध्ये न्यायालयात मांडलं ते जास्त लक्षात ठेवण्यासारखं : १ जानेवारीला त्याच डोंगरावर आठ एकरांची आग लागली होती, ती विझवली होती, आणि मुळांमध्ये धुमसत राहिलेली तिचीच धग सोसाट्याच्या वाऱ्यात सातव्या दिवशी वर आली.

आपल्या डोंगरात वेगळं काही होत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या बागेत संध्याकाळी सगळं विझवून आम्ही चहा घेतला. एक जुना आंब्याचा खुंट होता, आतून पोकळ. धूरही नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या एका मुळाच्या टोकाशी, खुंटापासून पाच हातांवर, जमिनीतून ज्वाळ निघाली. मूळ आतल्या आत जळत तिथवर गेलं होतं.

म्हणून विझल्यावर वही काढा. जळालेल्या भागाचा हाती नकाशा काढून कड चार-पाच तुकड्यांत विभागा आणि प्रत्येक तुकड्यासमोर माणसाचं नाव लिहा. त्यानं त्या संध्याकाळी, रात्री एकदा, आणि पुढचे तीन दिवस दुपारी बारा ते तीन आपली कड चालायची. खुंट, शेणाच्या गोवऱ्या, वारूळ, पडकं लाकूड, बांबूची बेटं यांच्याजवळ थांबायचं. हाताची उलटी बाजू आधी जवळ नेऊन बघा, ऊब लागली नाही तरच बोट लावा. जिथं कोमट लागलं तिथं खणा, पाणी घाला, कालवा, पुन्हा पाणी. नुसती माती ओढली तर आतली धग जपली जाते. कडेपासून दहा-पंधरा फूट आतपर्यंत सगळं गार लागलं, मगच त्या तुकड्यासमोर ‘विझला’ लिहायचं.

मोबाइलवर उपग्रहाचे लाल ठिपके बघणारी तरुण मंडळी आता गावागावात आहेत, चांगलं आहे. भारतीय वन सर्वेक्षणच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की आगीचे इशारे मोबाइलवर येतात. फक्त त्या ठिपक्याला कड समजू नका. ज्या उपग्रह-उपकरणावरून ते बहुतेक ठिपके येतात त्याचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळजवळ ३५ एकरांचा. त्यात तुमची बाग, शेजाऱ्याची बाग आणि मधला पऱ्या सगळं येतं. शिवाय ते उपग्रह आपल्यावरून दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात. मधल्या वेळात लागून गेलेली गवताची आग दिसतच नाही, आणि ठिपका नाहीसा झाला म्हणून खुंट गार झालेला नसतो.

भाजलेली कलमं

पहिल्याच आठवड्यात कुऱ्हाड चालवू नका. आधी पंचनामा. काहीही साफ करण्याआधी फोटो, झाडांची मोजणी, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी अर्ज. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर इथंच अडतं, म्हणून ई-पीक पाहणी वेळेत करा. फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो, त्यात वणव्याची भरपाई मिळेल असं गृहीत धरू नका.

पानं करपली म्हणजे झाड मेलं असं नाही. खोडाची साल नखानं हलकी खरवडा. आत हिरवट, ओलसर असेल तर जीव आहे. तपकिरी नि कोरडं असेल तर फूटभर खाली पुन्हा बघा. उघड्या पडलेल्या खोडांना मेच्या उन्हात चुन्याचा हात द्या, म्हणजे उरलेली साल तडकत नाही. शक्य तिथं आठवड्याला पाणी, खत मात्र आता नको. फांद्या पहिल्या पावसानंतर, फुटवे कुठून येतात ते बघून छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद एक किलो पाच लिटर पाण्यात, चुना एक किलो पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत, मग एकत्र, आणि त्याच दिवशी संपवायची. भाजलेल्या काजूला रोठा (खोड पोखरणारी अळी) लवकर लागतो, बुंध्याशी भुसा दिसतोय का ते पंधरा दिवसांनी बघत राहा.

लहान कलमांत एक फसगत होते. जुलैत खालून जोमदार फुटवा येतो आणि आपण खूश होतो. तो कलमाच्या जोडाच्या वरून आलाय की खालून, हे वाकून बघा. खालून असेल तर तो रायवळ खुंटाचा आहे, हापूस त्याला कधी लागणार नाही. असा फुटवा पेन्सिलीएवढा होऊ द्या, आणि त्यावर नव्यानं कलम बांधा.